तिसऱ्या टाक्यावरचा शब्द

आयुष्यातली आठ वर्षं मी पाण्यात रंग घातला आणि पुढची आठ वर्षं पाण्यातून रंग काढला. दोन्ही कामांचा पगार एकाच संस्थेनं दिला. त्यामुळे 'नोकरीत तुम्ही नेमकं काय केलंत हो?' असं कुणी विचारलं की मी म्हणतो, वजाबाकी करून घ्या. हे उत्तर देताना मी बहुधा उभा असतो, कारण मला बसवत नाही. बायको म्हणते, "तुमच्या खुर्चीले खिळा हाय काय?" खिळा खुर्चीला नाही. तो कुठे आहे ते या लेखात सांगायचं ठरवलंय, तेही तिनं दोनदा हात धरून बसवलं म्हणून.

कारंजा (घाडगे)पासून तीन-चार मैलांवर, हमरस्ता सोडून आत, विणकरांच्या सोसायटीची एक रंगशाळा होती. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा मी नागपुरातून बी.एस्सी. होऊन तिथे लागलो. कागदावर माझा हुद्दा केमिस्ट. गावानं पहिल्याच आठवड्यात मला 'मास्तर' केलं आणि शेवटपर्यंत मी मास्तरच राहिलो.

रंगाईचं काम बाहेरून फार सोपं दिसतं. सुताच्या लडी काठ्यांवर टांगायच्या, रंगाच्या हौदात बुडवायच्या, फिरवत राहायच्या, काढून धुवायच्या, वाळवायच्या. खरी गोम अशी की हौदातला सगळा रंग सूत कधीच घेत नाही. पाहुण्याला कितीही आग्रह केला तरी पानात थोडं उरतंच, तसा हौदात रंग उरतो. तो धुण्याच्या पाण्याबरोबर मोरीत जातो, मोरीतून नाल्यात. आमच्या रंगशाळेमागचा नाला सोमवारी लाल वाहायचा, बुधवारी हिरवा. गावातल्या बाया नाल्याकडे बघून आज कोणता वार आहे ते सांगत. पोळ्याच्या आदल्या दिवशी तर शेतकरी बैल घेऊन थेट मोरीच्या तोंडाशीच येत. बैल फुकटात गुलाबी होऊन जात आणि पुढचे पंधरा दिवस तसेच हिंडत.

गिऱ्हाइकंही एकेक नग होती. तळेगावचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नातल्या पातळाच्या सुतासाठी खिशात वांगं घेऊन आले. "हा रंग पायजे, मास्तर. रत्तीभर इकडचा तिकडं नाई." मी दोन दिवस खपून रंग जुळवला. आठवड्यानं ते लडी न्यायला आले, तेव्हा खिशात दुसरं वांगं होतं. लडीशेजारी ते धरून म्हणाले, "कायले फसवता? हे पाहा, वांगं वेगळंच हाय." तीन वांगी झाली. चौथ्या खेपेला आमच्या नामदेवजींनी त्यांना सांगितलं की नवरीला वांग्याचं भरीत करून घाला आणि हेच सूत न्या.

नामदेवजी म्हणजे आमचे जुने रंगारी. शाळा दुसरीपर्यंत, पण मी चार वर्षं कॉलेजात जे शिकलो त्यातलं बरंचसं त्यांच्या जिभेवर होतं. अगदी जिभेवरच. हौदात बोट बुडवायचं, टोक जिभेला लावायचं, थुंकायचं आणि सांगायचं, "सोडा कमी हाय," नाहीतर "मीठ घाला अजून." माझ्या मोजपट्ट्या आणि लिटमस त्यांना पोरखेळ वाटत. मला त्यांची जीभ अडाणीपणा वाटे. एकदा मी भर कामावर ओरडलो होतो, "नामदेवजी, हे विष आहे, चाटायची वस्तू नाही!" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "चाटल्याबिगर समजन कसं, इष हाय का काय हाय?"

आमचा मानाचा रंग लाल. लाल काठाची मागणी कधी कमी झाली नाही. तो पक्का लाल रंग दोन हौदांत होतो: पहिल्यात सूत भिजवायचं, दुसऱ्यात त्यावर रंग उमटवायचा. दुसऱ्या हौदाची तयारी करताना नायट्राइट नावाचा एक क्षार लागतो. पांढरं, दाणेदार, चवीला खारट. जेवणातल्या मिठाशेजारी ठेवलं तर ओळखू येणार नाही. ते पोत्यांतून यायचं. हे पोतं वाचकांनी लक्षात ठेवावं.

आता भागाबाई. नाल्यापलीकडे तिचं घर, घरामागे गोठा, गोठ्यात गवळाऊ जातीची एक पांढरीशुभ्र गाय आणि तिची कालवड. नवरा वारलेला, मुली सासरी. गाईचं दूध ती हमरस्त्यावरच्या एका ढाब्याला घालायची. आमच्या रंगशाळेशी तिचं रोजचं भांडण. नाला लाल झाला की ती पलीकडून ओरडायची, "अवो मास्तर, आज माही ढोरं कोठी न्याची?" आणि ढोरं वळवून दूर वरच्या डोहावर न्यायची. उन्हाळ्यात डोह आटला की दीड मैलावरच्या विहिरीवर.

एके दिवशी ती पऱ्हाट्यांचा भारा डोक्यावर घेऊन थेट प्रयोगशाळेत आली आणि माझ्या टेबलासमोर तो आदळला. आमच्याकडे कापूस वेचून झाला की उरलेली वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाट्या, उपटून चुलीसाठी रचून ठेवतात. कुणी त्या फेकत नाही. भागाबाईनं नाला ओलांडायला म्हणून त्यांचा एक भारा मोरीच्या तोंडाशी आडवा टाकला होता.

"पाहा काय केलं तं! माह्या पऱ्हाट्या रंगवल्या. चुलीत घातल्या तं डोयाले धूर झोंबून राह्यला."

पऱ्हाट्या खरोखरच आतपर्यंत जांभळ्या झाल्या होत्या. मी एक मोडून पाहिली. मग उठलो आणि मोरीकडे पळालो. भाऱ्यातल्या काही काड्या अजून तिथे अडकलेल्या होत्या. त्यांच्या वरच्या अंगाला पाणी गडद होतं आणि खालच्या अंगाला फिकं. भागाबाई मागून येऊन म्हणाली, "काऊन पळाले? मी का मारतो तुमाले?"

शोध बिध जो काही होता तो एवढाच, आणि तो तिचा होता. पुढे मी चार ठिकाणी त्यावर भाषणं दिली, त्यात तिचं नाव एकदाही घेतलं नाही. 'निरीक्षणाअंती असे आढळले' असं म्हणायचो.

त्यामागचं शास्त्र थोडक्यात सांगतो. झाडाचा सांगाडा ज्या द्रव्याचा बनतो त्याला सेल्युलोज म्हणतात. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. सुती कापड रंग धरतं ते सेल्युलोजला रंग धरायची खोड आहे म्हणून. पऱ्हाटी हे त्याच कापसाचं झाड, त्याच्यातही तेच सेल्युलोज, फक्त लाकूड होऊन बसलेलं. तेव्हा सुतानं नाकारलेला रंग त्याच्याच थोरल्या भावाच्या गळ्यात बांधायचा, एवढी सोपी युक्ती.

सोपी युक्ती अमलात आणायला मला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत मी धड जेवलो नाही. घास हातात असताना आठवायचं की तिसऱ्या बरणीचा रंग बघायचा राहिला, की ताटावरून उठलोच. पऱ्हाट्या ढोरांचं कुटार, म्हणजे चारा, कापायच्या यंत्रातून बारीक केल्या, सोड्यात उकळल्या, धुतल्या, वाळवल्या. नागपूरच्या कॉलेजातल्या माझ्या एका प्राध्यापकांनी मेथिलिन ब्लू या निळ्या रंगाची शुद्ध बाटली दिली. म्हणाले, "भुसा किती रंग धरतो ते आधी याच्यावर तपास. याच्याइतका आज्ञाधारक रंग दुसरा नाही." खरंच होतं ते. चिमूटभर निळा रंग पाण्यात टाकायचा, वर मूठभर भुसा घालून ढवळायचं, की तासाभरात पाणी नितळ आणि भुसा निळा. मला दुसऱ्या कुठल्याही गोष्टीत एवढा आनंद झालेला नाही. सगळे रंग मात्र असे गुणी नव्हते. काही मीठ घातल्यावर ऐकत, काहींना आंबट करून घ्यावं लागे, एक पिवळा तर शेवटपर्यंत बधला नाही.

ऐंशीच्या सुमारास रंगशाळेमागे तीन टाकी बांधली. पहिल्या टाक्यात रंगाचं पाणी साठवायचं. ते दुसऱ्यातल्या पऱ्हाटीच्या भुशाच्या थरांतून हळूहळू झिरपायचं आणि तिसऱ्यात जमायचं. तिथून नाल्यात. पहिल्यांदा तिसऱ्या टाक्यात तळ दिसला तेव्हा आख्खं गाव बघायला आलं. भागाबाईही आली. बराच वेळ वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "बाप्पा! माह्या पऱ्हाट्यायनं केलं हे?"

"तुमच्याच," मी म्हणालो. तिच्यापुरतं तरी कबूल केलं.

नामदेवजींनी त्या नितळ पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकले. "मास्तर, रंग तं गेला. खार कोठी गेला? खार हायेच."

मी म्हणालो, "असू द्या हो. सगळं एका दिवसात होतं का?"

महिनाभरात नागपूरहून एक साहेब पाहणीला आले. पेल्यात पाणी घेऊन त्यांनी उन्हात धरलं. "वा! साफ!" पिऊन मात्र बघितलं नाही, मीही आग्रह केला नाही. जाताना म्हणाले, पुढच्या वेळी वरचे लोक येतील, टाक्यांवर काहीतरी लिहून ठेवा, बघणाऱ्याला कळलं पाहिजे. मी स्वतः ब्रश घेतला. पहिल्या टाक्यावर लिहिलं 'रंगाचे पाणी'. दुसऱ्यावर 'पऱ्हाटीचा भुसा'. तिसऱ्यावर साहेबांचाच शब्द वापरला, मोठ्या निळ्या अक्षरांत: 'साफ पाणी'. माझं अक्षर चांगलं आहे. दोन पावलं मागे जाऊन मी ते पुन्हा पुन्हा बघितलं होतं.

ही गोष्ट पुढच्या एप्रिलची. ऊन असं की दुपारी कावळा उडेना. डोह आटलेला, नाला कोरडा, विहिरीला तळाशी घागरभर पाणी. गावात उघड्यावर भरलेलं पाणी म्हणजे आमचं तिसरं टाकं. गहू-हरभऱ्याची मळणी चाललेली आणि पोत्यांची सगळीकडे टंचाई. कामावरच्या चार बायांनी मला विचारलं, "मास्तर, नायट्राइटची रिकामी पोती घरी नेऊ का? धान भराले कामी येतीन."

"न्या की," मी म्हणालो. "पण धुऊन न्या चांगली."

"कोठी धुवाची?"

"टाक्यावर धुवा. ते साफ आहे."

बरणीवर मान घालून, तोंड वर न करता मी हे बोललो. त्यांनी सकाळीच पोती टाक्यात उतरून चोळचोळून धुतली. एका पोत्याच्या बुडाशी ओल लागून नायट्राइटचा दगडासारखा गोळा बसला होता. तो त्यांनी काठीनं ठोकून काढला आणि तो टाक्यातच विरघळला. पाण्याचा रंग जराही बदलला नाही. बदलणारच नव्हता.

दुपारी भागाबाई धावत आली. तिला मी नेहमी भांडताना पाहिलेलं. त्या दिवशी तिनं थेट माझा हात धरून ओढला.

"चाला, मास्तर. माही गाय... कालवड पडली."

"काय झालं?"

"पानी पाजलं न् घरी आनली. गोठ्याच्या दारातच थरथराले लागल्या."

"कुठलं पाणी?"

"तुमच्याच टाक्यातलं. त्या साफवालं."

मी गेलो तेव्हा कालवड आडवी झाली होती. श्वास भात्यासारखा चाललेला. गाय उभी होती पण पाय फाकलेले, मान खाली, आणि तोंड उघडून पाहिलं तर हिरड्या तपकिरी. मी माणसांच्याही दवाखान्यात कधी थांबलेलो नाही, मला ढोराचं काय कळणार? भागाबाईनं गाईच्या गळ्यात हात घातला होता. तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "गाय वाचते का?"

मी रस्त्याकडे पळालो. हमरस्त्यावर एक ट्रक हात करून थांबवला, कारंज्याला ढोरांच्या दवाखान्यासमोर उतरलो. डॉक्टर जेवत होते. त्यांना हात धुऊ दिला नाही. त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून परत येताना ते खड्डे चुकवत होते आणि मला वाटत होतं, उतरून पळत सुटावं, लवकर पोचेन.

आम्ही पोचलो तोवर कालवड गेली होती.

डॉक्टरांनी गाईच्या कानाची शीर टोचली. रक्त आलं ते लाल नव्हतं. काथ कालवलेल्या पाण्यासारखं तपकिरी होतं. डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुमच्या कारखान्यात काय काय वापरता, सगळं सांगा."

मी यादी म्हणायला लागलो. सोडा, मीठ, ॲसिड, नायट्राइट...

"थांबा. नायट्राइट? ते पाण्यात गेलं?"

मला सकाळची पोती आठवली. माझी मान बरणीवर होती तेही आठवलं. "गेलं," मी म्हणालो. "मीच सांगितलं तिथे धुवायला."

"नायट्राइटनं रक्त नासतं. रक्ताला हवा वाहून नेता येत नाही, जनावर श्वास घेत घेत गुदमरतं. यावर एकच इलाज आहे, मेथिलिन ब्लू शिरेतून द्यायचं. दवाखान्यात नाहीये. नागपूरहून आणेपर्यंत ही राहायची नाही."

मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कोणतं ब्लू?"

"मेथिलिन ब्लू. निळा रंग असतो एक."

मी पुढचं ऐकलंच नाही. प्रयोगशाळेपर्यंत असा पळालो की एक चप्पल नाल्यात राहिली, ती आजतागायत मिळालेली नाही. बाटली तशीच होती, अर्धी भरलेली. दोन वर्षं हाच रंग पाण्यातून कसा बाहेर काढायचा यावर मी जीव टाकला होता. तराजूचा काटा स्थिर होईना, शेवटी नामदेवजींनी माझं मनगट धरून ठेवलं. डॉक्टर आले, बाटलीवरचं लेबल वाचून म्हणाले, "हे प्रयोगाचं आहे, इंजेक्शनचं नाही. पण दुसरं आहे काय आपल्याकडे?" ऊर्ध्वपातित पाणी माझ्याकडे होतंच. त्यात तो रंग विरघळवला, उकळला, गाळला, निवायला बशीत धरून मी फुंकर घालायला लागलो तेव्हा डॉक्टर खेकसले, "थुंकी उडवू नका त्यात!"

सलाइनच्या बाटलीतून तो गडद निळा रंग थेंब थेंब त्या पांढऱ्या गाईच्या मानेच्या शिरेत जाऊ लागला. बाटली नामदेवजींनी उंच धरली होती. भागाबाई गाईच्या तोंडाशी बसली होती. मी गोठ्यापुढच्या अंगणात येरझारा घालत होतो. कुणीतरी म्हणालं, "बसा ना, मास्तर." मला बसता येईना. त्या दिवसापासून येत नाही.

अर्ध्या तासानं गाईचा श्वास उतरला. मग तिनं कान हलवला. सावली अंगणाच्या मध्यावर आली तेव्हा ती धडपडत पाय सावरून नीट उभी राहिली आणि उभ्या उभ्या मुतली. ते निळंहिरवं होतं, आमच्या मोरीला शोभेल असं. जमलेल्यांतून कुणीतरी म्हणालं, "बावा, मास्तरनं गायही रंगवली!" सगळे हसले. मीही हसलो आणि हसता हसता रडायला लागलो. भागाबाई हसली नाही. तिच्या मागे कालवडीवर गोणपाट टाकलेलं होतं.

संध्याकाळी आमच्या सोसायटीचे चेअरमन आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना रंगशाळा चालवायची होती. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ऊन लागलं म्हना. एप्रिल हाय. डॉक्टरले मी पाहून घेतो."

मी रात्र जाऊ दिली. खोटं बोलायचा विचार केला नाही असं मी म्हणणार नाही, केला होता. सकाळी भागाबाईच्या अंगणात गेलो आणि उभ्यानंच सगळं सांगितलं: पोती, गोळा, मी तोंड वर न करता दिलेली परवानगी, नामदेवजींनी वर्षभर आधी दिलेला इशारा. ती शेण गोळा करत होती. ते थांबवलं नाही.

"ऊन नाई लागलं म्हना," ती म्हणाली.

"नाही."

"मले तं वाचता येत नाई. अक्षरं पयल्यांदा दिसली त्या रोजी मी बायायले पुसलं, काय लिवलं टाक्यावर? त्या म्हने, साफ पानी. तवापासून मी तेथं ढोरं नेतो." मग तिनं हात धुतले आणि विचारलं, "तुमीच लिवलं ना ते?"

"मीच."

"मंग पुसा."

कालवडीच्या बदल्यात दुसरी आणून देतो म्हणालो तर म्हणाली, "ढोर का उसनं असते, मास्तर?"

त्याच दिवशी मी ती अक्षरं खरवडली. जोरात खरवडली, सिमेंट निघालं. मग विचार करून तिथे एक पाटी लावली. पत्र्याची, पांढऱ्यावर लाल: 'सावधान. या पाण्यातील रंग काढला आहे, क्षार काढलेले नाहीत. माणसांनी व जनावरांनी पिऊ नये.' एकही शब्द खोटा नव्हता. हौदातलं उरलेलं नायट्राइट युरियानं मारायची रीत मी पुस्तकातून शोधून काढली आणि रोज सुरू केली. पोती जाळली. टाक्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. ते कुंपण आठवड्यात चुलींमध्ये गेलं, आमच्या गावात काटक्या फार दिवस एका जागी राहत नाहीत.

पाटी दाखवायला मी भागाबाईला बोलावलं. का बोलावलं, तिनं 'बरं केलं' म्हणावं म्हणूनच. ती गाईला घेऊनच आली. मी पाटी मोठ्यानं वाचून दाखवली.

"चांगलं लिवलं," ती म्हणाली. "पन मास्तर, गाय वाचते का?"

तोच प्रश्न, तेच शब्द. गोठ्यात ऐकले होते तेव्हा त्यांचा एकच अर्थ होता. मी पाटीकडे बघितलं, गाईकडे बघितलं. गाय टाक्याकडे मान लांब करून उभी होती, क्षाराचा वास ढोरांना लांबून येतो. भागाबाईनं दावं ओढून धरलं होतं.

"मी नाई वाचत, गायही नाई वाचत. पयले लाल पानी वाहे ना, तं मले दुरूनच दिसे. मी भांडो, पन ढोरं वळवो. तुमी रंग काढला, मले दिसनंच बंद झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या टाक्यातून पाणी झिरपून आलं, तळ दिसेल असं नितळ. मी दुकानातल्या साध्या निळ्या रंगाची चिमूट घेतली आणि तिसऱ्या टाक्यात टाकली. ढवळलं. नामदेवजी बघत होते. त्यांनी ना बोट बुडवलं ना काही विचारलं. पुढची सहा वर्षं मी हे रोज केलं. दुसऱ्या टाक्यात रंग काढायचा, तिसऱ्यात घालायचा. आतलं पाणी खरोखर पिण्याजोगं करेन तेव्हाच ही चिमूट थांबवेन असं ठरवलं होतं. ते मला जमलं नाही. रंग काढायला पऱ्हाटी पुरली, बाकीचं काढायला माझं ज्ञान पुरलं नाही आणि सोसायटीचा धीरही.

त्यातल्याच एका वर्षी ते वरचे लोक आले. तीन साहेब, एक जीप. पहिलं टाकं पाहिलं, दुसरं पाहिलं, भुसा हातात घेऊन पाहिला. तिसऱ्याशी येऊन थांबले.

"हे तर निळं आहे," एकजण म्हणाला.

चेअरमन माझ्याकडे बघत होते. मला एवढंच सांगायचं होतं की साहेब, हा रंग मी घातलाय, आतलं पाणी बिनरंगी आहे, दुसऱ्या टाक्याच्या नळाखाली पेला धरून बघा. सांगितलं असतं तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता, कशासाठी? मग त्याचं उत्तर ऐकून ते म्हणाले असते, पाटी आहे ना, रंग बंद करा. आणि नोकरी त्यांच्या हातात होती, मला तो बंद करावा लागला असता.

"थोडा राहतो, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी वहीत शेरा लिहिला: 'प्रयोग अयशस्वी. रंग पूर्णपणे निघत नाही.' खाली माझी सही घेतली. मी उभ्यानंच केली. अक्षर चांगलं आलं.

साहेब लिहीत होते तेव्हा नाल्याच्या पलीकडून भागाबाई येत होती. बरोबर ती गवळाऊ गाय आणि तिच्या मागे त्याच वर्षी झालेली नवी कालवड, पांढरीच. काठावर आल्यावर तिनं हाताची सावली करून टाक्याकडे बघितलं. निळं दिसलं. तिनं नेहमीसारखं तिथूनच मला ऐकू येईल असं ओरडून विचारलं, "अवो मास्तर, आज माही ढोरं कोठी न्याची?" आणि उत्तराची वाट न बघता दोघींना वळवून विहिरीच्या वाटेला लावलं.